संध्याकाळी सातनंतरच घूं का येतं? जुन्या प्रीअँपचा पॉवर सप्लाय समजून घेऊ

रेकॉर्ड परत आल्यात हे आता सगळ्यांना माहितीये, अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा एलपी जास्त नग विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच, आणि आपल्याकडेही माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेले टर्नटेबल, प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल मोठा करून अँप्लिफायरला देणारा डबा), अँप्लिफायर खाली यायला लागलेत. खाली येतात, फडक्याने पुसले जातात, पिन लावली जाते आणि मग ओळखीतल्या कुणाचा तरी मला फोन येतो की गाणं लागतंय हो, पण मागे सारखं घूंऽऽ वाजतंय, हे काय आहे?

मी मिरजेचा. इथे तानपुऱ्याची जवारी नीट लागली की नाही हे लहानपणापासून कानावर पडतं, त्यामुळे हा आवाज मला खरंच सहन होत नाही. भीमसेनजींची एलपी लावावी आणि तिच्याखाली चुकीच्या पट्टीत कुणीतरी दुसरा तानपुरा छेडत बसावं, असं वाटतं.

माझ्याकडचा प्रीअँप मामांनी १९८१ मध्ये कुवेतहून आणलेला, जपानी बनावटीचा. त्याची तक्रार मोठी विचित्र होती. दिवसा एकदम स्वच्छ वाजायचा आणि संध्याकाळी सात वाजून गेले की घूं सुरू, रात्री अकरानंतर परत बंद. एका रिपेअरवाल्यांनी केबल बदलायला सांगितली, दुसऱ्यांनी व्हॉल्यूम कंट्रोल बदलून दिला. दोघांनी दुपारी मीटर लावून बघितला होता आणि दोघांचं म्हणणं एकच, सप्लाय बरोबर आहे, १५ व्होल्ट येतायत. ते खोटं बोलत नव्हते, १५ व्होल्ट खरंच येत होते. तरीही दोष सप्लायमध्येच होता. हे कसं, तेच आज सांगतो.

प्रीअँपला एवढी नाजूक तब्येत का?

टर्नटेबलच्या सुईतून येणारा सिग्नल फार छोटा असतो, नेहमीच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. प्रीअँप तो शंभरेक पट मोठा करतो. त्यात आणखी एक गोष्ट, रेकॉर्ड कापताना खर्जाचे आवाज मुद्दाम बारीक केलेले असतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर पुरेसं गाणं मावणारच नाही. मग वाजवताना प्रीअँपला तो खर्ज परत उचलावा लागतो. मधल्या सुरांच्या तुलनेत १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांचा, आवाज साडेचार पट आणि ५० हर्ट्झचा तर सात पट जास्त उचलला जातो.

आणि आपली घरातली लाईट किती हर्ट्झची? ५०. म्हणजे लाईटमधून जी घाण आत येऊ शकते ती नेमकी त्याच जागी येते जिथे प्रीअँपचे कान सगळ्यात तिखट आहेत. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्समध्ये जे खपून जातं ते इथे खपत नाही.

भिंतीतल्या प्लगपासून १५ व्होल्टपर्यंत

पॉवर सप्लाय म्हणजे डब्याच्या आतला तो भाग जो २३० व्होल्टची लाईट घेऊन बाकी सर्किटला लागणारं छोटं, स्थिर व्होल्टेज तयार करतो. लाईट एसी असते, दर सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. सर्किटला हवं असतं डीसी, एकाच दिशेने शांत वाहणारं. या दोघांच्या मध्ये चार टप्पे आहेत आणि ते समजायला आपल्या नळाच्या पाण्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

पहिला ट्रान्सफॉर्मर. तो २३० व्होल्टचे समजा १८ करतो, धरणाच्या मोठ्या लाईनवरून घरच्या पाऊण इंची नळावर यावं तसं. दुसरा ब्रिज, म्हणजे चार डायोडचा गट. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप, आणि चार झडपा अशा बसवलेल्या असतात की लाईट कुठल्याही बाजूने आली तरी पुढे एकाच दिशेने जाते. पण ती धारेसारखी येत नाही, उचक्या देत येते, दर सेकंदाला १०० उचक्या, कारण ५० वेळचं जाणं आणि ५० वेळचं येणं दोन्ही आता एकाच दिशेला वळलंय.

तिसरा टप्पा फिल्टर कंडेन्सर, आपला आजचा मुख्य माणूस. नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ तासभर येतं पण आपल्याला दिवसभर वापरायचं असतं, म्हणून गच्चीवर टाकी असते. कंडेन्सर ही विजेची टाकी. उचकी आली की भरतो, दोन उचक्यांच्या मधल्या वेळात साठवलेलं देत राहतो. टाकीची पातळी वापर चालू असताना थोडी खाली जाते, पाणी आलं की वर येते, तसं कंडेन्सरवरचं व्होल्टेजही थोडं खालीवर होत राहतं. या खालीवर होण्याला रिपल म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं.

चौथा रेग्युलेटर. टाकीतली पातळी वरखाली झाली तरी खालच्या नळाला पाणी एकाच जोराने यावं म्हणून कुणीतरी चोवीस तास कॉक हातात धरून बसलाय असं समजा. आत २४ येवोत की २०, तो बाहेर १५ च देतो. नंतरच्या बऱ्याच सेटमध्ये यासाठी ७८१५ (प्लस १५ साठी) आणि ७९१५ (मायनस १५ साठी) नावाच्या तीन पायांच्या आयसी असतात, माझ्या सेटमध्ये झेनर डायोड आणि ट्रान्झिस्टर मिळून ते काम करतात. पण कॉकवाल्याची एक अट असते. त्याला बाहेर द्यायच्या व्होल्टेजपेक्षा आत साधारण २ व्होल्ट तरी जास्त लागतात. १५ द्यायचे तर आत १७ हवेत. त्याच्या खाली गेलं की कॉक पूर्ण उघडा करूनही उपयोग नाही, जे आत येतंय ते तसंच्या तसं बाहेर जाणार, रिपलसकट.

कंडेन्सर म्हातारा होतो म्हणजे काय होतं

यातला मोठा गोल कंडेन्सर इलेक्ट्रोलायटिक प्रकारचा असतो. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मध्ये कागद, आणि तो कागद एका रसायनात भिजवलेला. वर्षं गेली की ते रसायन हळूहळू सुकतं, तळाच्या रबराच्या बुचातून उडून जातं. टाकीत गाळ साचून जागा कमी व्हावी तशी याची क्षमता कमी होते, शिवाय आतला अडथळाही वाढतो.

उष्णता याची खरी शत्रू. दर १० अंशाला आयुष्य साधारण निम्मं होतं हा या धंद्यातला ठोकताळा आहे. ८५ अंशाला २००० तास असं रेटिंग असलेला कंडेन्सर ४५ अंशात राहिला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२००० तास, रोज तीन तास गाणं ऐकलं तर जवळजवळ २९ वर्षं. १९८१ मध्ये २९ मिळवून बघा. आणि माझ्या सेटमध्ये तर कंडेन्सर गरम होणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, अगदी खेटून उभा आहे, डिझाइन करणाऱ्यांनी बाकी सगळं इतकं जीव लावून केलंय आणि इथे मात्र दोन सेंटिमीटर जागा सोडली नाही याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

नुसता पडून राहिला तरी तो बिघडतो बरं का. ॲल्युमिनियमवर एक अतिशय पातळ ऑक्साइडचा थर असतो, तोच इन्सुलेशनचं काम करतो, आणि वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळाल्यास तो थर कमजोर होतो. म्हणून वीस वर्षं माळ्यावर राहिलेला सेट खाली काढून थेट प्लगला लावू नका. कसा लावायचा ते पुढे सांगतो.

मग संध्याकाळीच का?

आता हिशोब करू, फार नाही, दोन मिनिटांचा. ट्रान्सफॉर्मरचे १८ व्होल्ट एसी ब्रिजमधून गेले की कंडेन्सर उचकीच्या टोकापर्यंत भरतो आणि टोक १.४१ पट असतं, म्हणजे साडेपंचवीस, त्यातले दीडेक व्होल्ट डायोड खातात, राहिले २४. प्रीअँप साधारण ५० मिलिअँपिअर ओढतो. कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा (हे या टाकीच्या क्षमतेचं माप) ठणठणीत असेल तर रिपल येतो अर्धा व्होल्ट. पातळी २४ ते साडेतेवीसच्या मध्ये हलते, रेग्युलेटरला १७ हवेत, मजाच मजा.

माझा कंडेन्सर काढून मोजला तेव्हा १००० चे शंभरच राहिले होते. दहावा हिस्सा. म्हणजे रिपल दहापट, ५ व्होल्ट. पातळी २४ वरून १९ पर्यंत खाली जाणार. पण १९ म्हणजे अजूनही १७ च्या वरच की! रेग्युलेटर सगळं सांभाळून घेतोय, बाहेर स्वच्छ १५. दुपारी मीटर लावणाऱ्याला हेच दिसलं.

संध्याकाळी सात वाजता सगळ्या गल्लीत दिवे, पंखे, मोटारी चालू होतात आणि आमच्याकडे व्होल्टेज १९० च्या आसपास येतं. २३० चे १९० झाले की त्याच प्रमाणात आतले १८ चे १५ च्याही थोडे खाली, टोकाला २१, डायोड वजा जाता साडेएकोणीस. त्यातून ५ व्होल्टचा रिपल काढा. साडेचौदा राहिले. रेग्युलेटरला हवेत १७. दर सेकंदाला १०० वेळा तो हात टेकतोय आणि तेवढ्या वेळा ती घाण सरळ गाण्यात उतरतेय. रात्री अकराला गल्ली झोपली, व्होल्टेज वर आलं, घूं बंद.

कंडेन्सर चांगला असता तर १९० व्होल्टलाही तळ एकोणीसच्या आसपास राहिला असता आणि मला कळलंही नसतं. रेग्युलेटर चांगलाच होता, इतका चांगला की त्याने वर्षानुवर्षं कंडेन्सरचं आजारपण झाकून ठेवलं. म्हणून म्हणतो, रेग्युलेटरच्या बाहेर मोजून सप्लायला पास करू नका, त्याच्या आधी मोजा.

आधी कानाने ऐका

स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी बरंच कळतं. सप्लायचा रिपल १०० हर्ट्झचा असतो, तर अर्थिंगचा घोळ, टर्नटेबलची ग्राउंड वायर सुटलेली, केबलचं शिल्ड तुटलेलं, हे सगळं बहुतेक ५० हर्ट्झचं. संगीताच्या भाषेत अगदी एक सप्तकाचा फरक. मोबाईलवर टोन वाजवायचं ॲप घ्या, इयरफोन लावा (मोबाईलच्या स्पीकरला इतका खर्ज पेलत नाही), ५० वाजवा, १०० वाजवा आणि आपला घूं कुणाशी जुळतो बघा. एक अपवाद आहे, ब्रिजमधला एखादा डायोड तुटला तर सप्लायमधूनही ५० येतो.

मग व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं गेला तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागातून येतोय, तसाच राहिला तर नंतरच्या भागातून किंवा पुढच्या पॉवर अँपमधून, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरमधून. पॉवर अँपची शंका असेल तर प्रीअँपची केबल काढून त्याला एकट्याला ऐका.

मीटरने रिपल मोजायचा तर डीसीवर नाही, एसीवर ठेवून फिल्टर कंडेन्सरच्या दोन पायांवर. स्वस्त मीटर इथे फसवतात, डीसी असलं की एसीवर काहीतरी भलताच आकडा दाखवतात, म्हणून लाल प्रोबच्या आधी १ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा प्लॅस्टिक कंडेन्सर सिरीजमध्ये जोडा, तो डीसी अडवतो. आणि मीटर जो आकडा दाखवेल त्याला साडेतीनने गुणा, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा रिपल मिळेल. मला १.४ दिसले होते, म्हणजे ५.

उघडण्यापूर्वी, हे खरंच वाचा

प्रीअँपच्या आत १५-२४ व्होल्ट असले तरी पॉवर स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरची एक बाजू पूर्ण २३० व्होल्टवर असते, जीव जाऊ शकतो. स्विच बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून काढून समोर दिसेल अशी टेबलावर ठेवा. कंडेन्सर १ किलोओहमच्या रेझिस्टरने पाच-दहा सेकंद रिकामा करा, स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय वाईट. ज्यांनी कधी सोल्डरिंग केलेलं नाही त्यांनी ऐकण्यापर्यंतचं काम स्वतः करावं, उघडायचं काम जाणकाराकडे द्यावं.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. आपल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतो, लाईटच्या एका वायरमध्ये साधा काचेचा ४० वॅटचा बल्ब, एलईडी चालत नाही. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून राहतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. माळ्यावरून काढलेल्या सेटला हळूहळू जागं करायला व्हेरिॲक असेल तर उत्तम, म्हणजे व्होल्टेज शून्यापासून वाढवत नेता येणारा ट्रान्सफॉर्मर.

मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर बघा. गल्फसाठीच्या सेटमध्ये तो बहुतेक असतो, २२० आणि २४० दोन्ही असतील तर २४० वर ठेवा. जपानमधल्याच बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या प्लगला लावला तर संपला, त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

बदलताना लोक कुठे चुकतात

कंडेन्सरचं व्होल्टेज रेटिंग जुन्याइतकं किंवा त्याच्या वरचं, कमी कधीच नाही. १०५ अंशाचा घ्या. अंगावरची पट्टी निगेटिव्ह पायाकडे असते, उलटा लावला तर फुटतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं पण जुन्यावर नवं कव्हर चढवलेला मालही असतो, घरी आणून आधी मोजा आणि मग लावा.

कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी चिकट थर दिसला तर लोक म्हणतात फुटला, गळाला. बऱ्याचदा तो कारखान्यात लावलेला गोंद असतो. मुळात पिवळसर असतो, उष्णतेने तपकिरी होत जातो, आणि तसा झाला की त्यातून वीज पाझरायला लागते, शेजारच्या पार्टांचे पाय खातो. खरवडून काढायचा, कंटाळा करायचा नाही.

७८१५ आणि ७९१५ दिसायला जुळे पण पाय वेगळे. ७८१५ मध्ये आत, ग्राउंड, बाहेर. ७९१५ मध्ये ग्राउंड, आत, बाहेर. ७९१५ ची पाठ 'आत' च्या पायाला जोडलेली असते, म्हणून हीटसिंक आणि तिच्यामध्ये अभ्रकाचा तुकडा लागतोच. तसंच जपानी २एससी१८१५ ट्रान्झिस्टर मिळाला नाही म्हणून बीसी५४७ टाकतात, टाकू शकता, पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे पाय एमिटर, कलेक्टर, बेस असे आणि दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. न बघता लावला तर दुरुस्तीची बिघाडी होते.

आणि गरम होणाऱ्या प्रत्येक पार्टच्या पायाशी भिंगातून बघा. सोल्डरभोवती केसासारखी गोल चीर दिसली तर तो ड्राय सोल्डर, जुनं सोल्डर ओढून नवं घाला. माझ्या सेटमध्ये झेनरच्या रेझिस्टरखाली बोर्ड काळा पडला होता, नवा रेझिस्टर बोर्डापासून अर्धा सेंटिमीटर वर उचलून बसवला.

"मग १००० ऐवजी १०००० च टाकतो की!"

हा प्रश्न हमखास येतो. टाकी मोठी केली पण वापर तेवढाच, तर पातळी अगदी थोडी खाली जाईल, आणि नळ फक्त तेवढ्या थोड्या वेळापुरताच उघडेल. पण दिवसभरात वापरलेलं सगळं पाणी त्या थोड्या वेळातच भरायचंय, म्हणजे जबरदस्त लोंढा. तो लोंढा डायोडमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून जातो, दोघं तापतात आणि त्या झटक्यांची स्वतःची एक करकर आवाजात येते. दीडपट, दुप्पट ठीक आहे. दहापट नको.

"मोबाईलचा अडॅप्टर लावून मोकळं होऊ?"

असे सप्लाय हजारो हर्ट्झला चालू-बंद होत असतात आणि तो गोंगाट ५ मिलिव्होल्टच्या शेजारी आणून ठेवायचा तर फिल्टर फार विचारपूर्वक करावा लागतो. शिवाय बऱ्याच प्रीअँपना प्लस आणि मायनस दोन्ही १५ लागतात, अडॅप्टर एकच देतो. सेटमधला ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर तो काढायचं काहीच कारण नाही.

"सगळेच कंडेन्सर बदलू का? आणि ओरिजिनल पार्ट गेले तर किंमत?"

सप्लायचे बदला, बिनधास्त. सिग्नलच्या वाटेवरचे छोटे आधी मोजा, एका वेळी एक चॅनल करा, म्हणजे चूक झाली तर दुसऱ्या चॅनलशी ताडून बघता येते. एका बैठकीत साठ कंडेन्सर बदलून सेट मुका झालेला मी पाहिलाय आणि मग कुठलं काय चुकलं ते शोधायला महिना लागतो. किमतीचं म्हणाल तर काढलेले पार्ट पाकिटात घालून, तारीख लिहून सेटबरोबर ठेवा, पुढच्या मालकाला त्याचं मोल असतं.

व्हॉल्व्हचा सेट असेल तर

ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या सेटमध्ये हिशोब तोच पण धोका वेगळा, आत दोनशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहू शकतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीचा पीएएस-३ हा १९६०च्या दशकातला प्रीअँप घ्या, त्यात व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) डीसीवर चालवायला सेलेनियमचा रेक्टिफायर आहे, म्हणजे आजच्या सिलिकॉन डायोडचा जुना भाऊ. तो म्हातारा झाला की कमी व्होल्टेज देतो, आणि जळला तर अत्यंत घाण, विषारी वास येतो, खोलीबाहेर जायचं. त्याच्या जागी सिलिकॉन डायोड लावले तर ते व्होल्टेज कमी खातात, म्हणून पुढचं व्होल्टेज वाढतं आणि ते खाली आणायला एक रेझिस्टर सिरीजमध्ये घालावा लागतो. हीटरवर नेमके किती व्होल्ट पडतायत ते चालू करून मोजूनच त्याची किंमत ठरवा.

माझ्या सेटला शेवटी लागले प्लस-मायनसचे दोन फिल्टर कंडेन्सर, दोन रेझिस्टर, एक झेनर आणि रविवारची एक दुपार. पण दुपारी तो आधीही चांगलाच वाजत होता, म्हणून गडबड न करता संध्याकाळपर्यंत थांबलो. साडेसातला प्लगमध्ये १८८ व्होल्ट होते, फिल्टर कंडेन्सरवर मीटर एसीला ०.१५ च्या खाली, बाहेर १५. मग सुई खाली ठेवली, आणि तानपुरा एकच ऐकू आला.